ऐकणारं माणूस



१९५३ साली लंडनमधल्या एका चर्चचे धर्मगुरू चॅड वारा यांनी जगणं नकोसं झालेल्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले. आपली पाळी येण्याची वाट पाहत बाहेर बसलेल्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याशी बोलत. लवकरच वारांच्या लक्षात आलं, की बाहेरच मन मोकळं झालेल्या अनेकांना आत येण्याची गरज उरत नाही. ते स्वयंसेवक डॉक्टर नव्हते. ते मनापासून ऐकत होते. याच ऐकण्यावर ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

हेल्पलाइनचं काम आजही असंच चालतं. पलीकडचा माणूस उपदेश करत नाही. रडू आलं तर रडू देतो. आणि जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारतो. असं विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते.

आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

हा क्रमांक आजच मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. घरात कुणी अलीकडे गप्प गप्प असेल, तर त्याच्याजवळ बसा, विचारा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलू नका. आणि तुमचंच मन जड झालं असेल, तर संकोच करू नका. मदत मागणं हा दुबळेपणा नाही. आजच फोन करा.