पाणथरीपासून उजवीकडे

पाठ टेकून बसा. उजवा तळहात डावीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. हाताला काही लागणार नाही. निरोगी पाणथरी बरगड्यांच्या आड असते, वजनाने साधारण १५० ग्रॅम.

आता तिच्यातून निघणाऱ्या रक्ताबरोबर मनाने चला. पाणथरीची शीर उजवीकडे वळते, स्वादुपिंडाच्या पाठीला लागून जाते आणि आतड्यांकडून येणाऱ्या शिरेला मिळते. दोघींची मिळून पोर्टल व्हेन होते आणि यकृतात शिरते.

स्वादुपिंडापाशी जरा थांबा. हा शेजार फार जवळचा आहे. स्वादुपिंडाला सूज आली, त्यात कर्करोगाची गाठ वाढली, की त्याचा जाच शिरेला होतो. शिरेची भिंत दुखावणं, प्रवाह मंदावणं, रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तीन कारणं. इथे पहिली दोन एकदम जुळून येतात. तिसरं कधी अस्थिमज्जेच्या विकारातून येतं, कधी जन्मजात असतं.

गुठळी झाली. वाट अडली. तरी रक्त थांबत नाही. जठराच्या माथ्यावरच्या बारीक शिरांमधून वळसा घेतं. एवढा भार त्यांच्या सवयीचा नाही. त्या फुगतात. पाणथरी वाढते. पुष्कळदा माणसाला काहीच जाणवत नाही. कधी मात्र एकदम रक्ताची उलटी होते, किंवा शौचाला डांबरासारखं काळं होतं.

हे चित्र सावकाश पाहा. रक्त जठरातून येतंय, फुगली आहे पाणथरी, आणि मूळ स्वादुपिंडात. अशा शिरा फुगल्या की पहिला संशय यकृतावर जातो. ते मात्र बहुधा धडधाकट असतं.

निदान म्हणजे हाच प्रवास उलट्या दिशेने. एंडोस्कोपीत फक्त जठराच्या माथ्यावर फुगलेल्या शिरा दिसतात, यकृताच्या तपासण्या ठीक येतात. मग डॉक्टर मागे वळतात. डॉप्लर सोनोग्राफी शिरेतला प्रवाह तपासते, पण पोटातला वायू कधी आड येतो. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये गुठळी दिसते, स्वादुपिंडही दिसतं.

मूळ कळलं की उपचार ठरतो. कुणाला रक्त पातळ करणारं औषध, कुणावर नुसती देखरेख, वारंवार रक्तस्राव होणाऱ्या कुणाची पाणथरी काढावी लागते.

मनन इथवरच. रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली, तर कारणांचा विचार डॉक्टरांवर सोडा आणि तडक रुग्णालय गाठा.