चिखलातील चाकोरी आणि कर्मविपाक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला घोड, भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरूर-दौंडचा जो मुलूख आहे, तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पाहतो. परंतु एवढा पाऊसदेखील तेथील काळ्या जमिनीचे रूप पालटून टाकण्यास पुरेसा होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्हारसाचा जो काळा पाषाण झाला, त्याच्या झिजेतून ही माती उपजली असून, तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या थराथरांत पाणी शिरले की ती फुगते, चिकटते आणि एकदा धरलेले सोडीनाशी होते. उन्हाळ्यात जिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भूमीवरून मृगाच्या चार सरींनंतर पाणंदीने मोटारसायकल नेणे दुष्कर होऊन बसते. पुढच्या चाकाला लागलेली माती मडगार्डाखाली साचत जाते आणि अखेर चाक फिरण्याचे थांबते. म्हणूनच पहाटे दुधाचे कॅन लावून डेअरीची वाट धरणारे कित्येक जण पावसाळ्याच्या तोंडाशी पुढचे मडगार्ड काढूनच ठेवतात.

जी अडचण या गड्यांच्या वाट्याला प्रपंचामुळे येते, तिलाच काही माणसे हौसेने सामोरी जातात, आणि मग तिची क्रीडा होते. इंग्लंडातील कॅम्बर्ली येथे १९२४ साली खडकाळ, चिखलट माळावर मोटारसायकलींची जी शर्यत झाली, तिच्यापासून या खेळाचा उगम सांगतात. पुढे मोटोक्रॉस या नावाने तो युरोपभर पसरला आणि १९५७ पासून त्याची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा होऊ लागली. आपल्याकडे मोटार-क्रीडामंडळांचा राष्ट्रीय महासंघ १९७१ साली स्थापन झाला. पुणे आणि नाशिक या शहरांनी राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या शर्यती पाहिल्या. मुंबईच्या परिसरात भर पावसाळ्यात चिखलातून स्कूटरी धावविण्याची रॅली वर्षानुवर्षे होत आली. आणि जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, मुद्दाम माती आणून रचलेल्या उंचवट्यांवर, सुपरक्रॉसच्या लीगचा प्रारंभ झाला. परंतु कोरड्या धावपट्टीवरील शर्यत आणि पावसात भिजलेल्या धावपट्टीवरील शर्यत या दोन निराळ्या वस्तू आहेत. कोरड्यात वेग निर्णायक ठरतो. चिखलात मात्र स्वार आपल्या गाडीचा टायर रुंद फटींचा निवडतो, त्यातील हवा कमी करतो, माती अडकेल अशा पोकळ्या स्पंजाने बुजवितो, चष्म्यावरची मळलेली फिल्म पुढे सरकविण्याची व्यवस्था करतो, आणि एवढे सगळे करूनही पहिल्याच वळणावर दुसऱ्याच्या चाकाखालून उडालेल्या गोळ्याने आंधळा होऊन पडतो. अशा शर्यतीत जो जिंकला त्याचे जिंकणे खरोखर कोणाचे, आणि जो पडला त्याचे पडणे कोणाचे, हा प्रश्न खेळाच्या पंचांना पडण्याचे कारण नाही. धर्मविचार करणाऱ्याला मात्र तो टाळता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे देह असे आचार्य सांगतात. चिखलातील स्वाराच्या बाबतीत देहाच्या जोडीला त्याच्या चाकाखालची भूमीही धरावी लागेल, कारण दोहोंच्या आधारावाचून त्याचे कर्म उभेच राहत नाही. तो स्वतः कर्ता. गाडी, साखळी, टायर, चष्मा ही करणे. थ्रॉटल किंचित सोडणे, क्लच जपणे, वजन मागे नेणे, गुडघ्यांनी टाकी आवळणे या क्षणोक्षणीच्या हालचाली ही चेष्टा. आणि चिखलाखाली दडलेला धोंडा, ऐन वेळी समोर आडवी झालेली दुसऱ्याची गाडी, शर्यतीच्या मध्यावर फुटलेला ढग हे दैव. पाचही कारणे मिळून जे घडते, त्यात केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अपक्व आहे, असा गीतेचा निर्णय आहे. मला त्यातील क्रम विशेष अर्थपूर्ण वाटतो. दैवाचा हिशेब चार कारणांचा हिशेब पूर्ण झाल्यानंतर येतो. ज्याने साखळीला तेल घातले नाही, धावपट्टी पायी फिरून पाहिली नाही, त्याला दैवाचे नाव घेण्याचा अधिकार पोचत नाही. प्रयत्नाच्या आधी उच्चारलेले दैव हा आळसाचा बहाणा होय; प्रयत्नाच्या शेवटी, सर्व काही करून झाल्यावर उच्चारलेले दैव हा विनय होय.

या प्रश्नावर आपल्या परंपरेत दोन टोके आढळतात. बुद्ध-महावीरांच्या काळी मक्खली गोसाल नावाच्या आजीवक आचार्याने असे प्रतिपादन केले की, सर्व काही नियतीने ठरलेले असून मनुष्याच्या पुरुषार्थाला काडीचेही सामर्थ्य नाही. आणि इतर अनेक बाबतींत परस्परांशी न जुळणाऱ्या बौद्ध व जैन या दोन्ही परंपरांनी हे मत एकमुखाने झिडकारले. दुसऱ्या टोकाला योगवासिष्ठ उभे आहे, जेथे वसिष्ठ रामाला सांगतात की, दैव म्हणून स्वतंत्र असे काही नाहीच, पूर्वी केलेल्या पौरुषालाच लोक दैव म्हणतात. या दोहोंमधला मार्ग याज्ञवल्क्य स्मृतीने सांगितला आहे: एका चाकाने रथाला गती नाही, तद्वत् पुरुषकारावाचून दैवही सिद्धीस जात नाही. स्मृतिकाराने हा दृष्टांत चाकाचाच घेतला, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण चिखलात रुतलेल्या चाकाची जी सर्वांत थोर कथा भारतवर्षाने रचली, तिच्यातही हाच प्रश्न विचारलेला आहे.

ती कथा अर्थात कर्णाची. सतराव्या दिवशी भूमीने त्याच्या रथाचे चाक गिळले, आणि जो धनुर्धर अर्जुनाला भारी पडत होता तो खाली उतरून दोन्ही हातांनी चाक उपसू लागला. ही घटना निव्वळ यदृच्छेची असती, तर तिच्यात दुःख असते, शोकनाट्य नसते. महाभारत तिच्यामागे एका ब्राह्मणाचा शाप ठेवते, आणि तो शाप कर्णाच्याच हातून अजाणता घडलेल्या गोहत्येमधून उद्भवलेला आहे. म्हणजे ज्या दैवाने त्याला पकडले, त्याचे बीज त्याच्याच बाणाने पेरले होते. आणखीही एक गोष्ट आहे. याच कर्णपर्वात, शल्याने कर्णाचे सारथ्य पत्करावे म्हणून दुर्योधन त्याला त्रिपुरवधाची कथा सांगतो. त्या कथेत शंकरासाठी प्रत्यक्ष पृथ्वी रथ होते, ब्रह्मदेव सारथी होतो आणि विष्णू बाण होतो. एकाच पर्वात तीच पृथ्वी एकाचा रथ होते आणि दुसऱ्याच्या रथाचे चाक गिळते! भूमी कोणाची वैरीण नसते आणि कोणाची सखीही नसते. आपल्या आजवरच्या कर्मानुसार ती आपल्याला वाहून नेते किंवा अडविते, असाच या दोन कथांच्या सान्निध्याचा अर्थ मी करतो.

हा अर्थ चिखलातील शर्यतीत डोळ्यांनी पाहता येतो. पहिल्या फेरीला धावपट्टी सपाट असते. परंतु प्रत्येक गाडी जाता जाता मातीत एक चर पाडते, पुढच्या गाड्या त्याच चरात ओढल्या जातात, आणि काही फेऱ्यांतच वळणावळणावर चाकाच्या आसापर्यंत खोल चाकोऱ्या तयार होतात. स्वार ज्या चाकोरीत अडकून पडतो, ती काही अंशी त्याने स्वतःच मागच्या फेरीला कोरलेली असते. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण अशी कर्माची जी त्रिविध मांडणी आपण ग्रंथांत वाचतो, तिचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही: धावपट्टीवरील सगळ्या चाकोऱ्या हे संचित, ज्या एकीत आपले चाक शिरले ते प्रारब्ध, आणि या क्षणी थ्रॉटलवर असलेला हात हे क्रियमाण. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' या नावाचे स्वतंत्र प्रकरणच घातले आहे, कारण कर्माचा कायदा अटळ मानला तर मनुष्याला काही करण्याची मुभा उरते की नाही, हा त्या काळच्या पराधीन समाजाला पडलेला जिवंत प्रश्न होता.

निष्णात स्वाराचे आचरण या प्रश्नाचे उत्तर देते. खोल चाकोरीत मध्यावर पोचल्यानंतर तो तिच्यातून उडी मारून बाहेर पडण्याचा प्रयत्न करीत नाही, कारण पुढचे चाक भिंतीला अडून तो हटकून पडेल. तो पुढच्या चाकाकडेही पाहत नाही. चाकोरी जेथे संपते तेथे दृष्टी लावून, गती स्थिर राखून, तो तिच्यातून निघून जातो. परंतु त्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे, जेथे चार-पाच चाकोऱ्या एकमेकींपासून फुटतात, तेथे त्याला निवड करण्याचा एक क्षण मिळालेला असतो, आणि त्याचे सगळे कौशल्य त्या क्षणात एकवटलेले असते. मनुष्याचे स्वातंत्र्यही असेच आहे, असे मी मानतो. ते आयुष्यभर सारख्या प्रमाणात पसरलेले नसते; ते चाकोरीच्या मुखाशी असते. तेथे जो झोपला, तो पुढे कितीही धडपडला तरी त्याची धडपड त्याला पाडण्याच्याच कामी येते. आणि तेथे जो जागा राहिला, त्याला पुढचे बंधनसुद्धा आधार होते, कारण चाकोरीच्या भिंतीच वळणावर गाडीला घसरू देत नाहीत.

येथवर कर्मसिद्धांत आणि चिखल यांचे मत जुळते. पुढे मात्र चिखल एक अवघड आक्षेप उभा करतो. केलेल्या कर्माचे फळ नष्ट होऊ नये आणि न केलेल्या कर्माचे फळ कोणाच्या माथी येऊ नये, म्हणजेच कृतहान आणि अकृताभ्यागम हे दोन दोष टळावेत, यासाठी आपल्या दर्शनकारांनी कर्माचा हिशेब जन्मोजन्मी एकेका जीवाच्या खाती स्वतंत्र मांडला. धावपट्टीवर तो हिशेब असा वेगळा राहत नाही. बेपर्वा स्वाराने वाकडी कोरलेली चाकोरी त्याच्यामागून येणाऱ्या निरपराध नवख्याला पाडते, आणि एखाद्या कसलेल्या स्वाराने पाडलेली सुबक वाट दहा जणांना तारते. आपण जन्माला येतो ते अशाच कोरलेल्या भूमीवर. जात, कर्ज, भाऊबंदकीचे दावे, तशीच कष्टाची सवय आणि नामाची गोडी, या सगळ्या चाकोऱ्या आपल्या येण्याच्या आधीच पडलेल्या असतात. यामुळे कर्माचा सिद्धांत खोटा ठरतो असे मला वाटत नाही; त्यातील कर्तव्याचा भाग मात्र दुप्पट होतो. माझ्या कर्माचे फळ मी भोगीन, एवढे म्हणून भागत नाही. माझ्या कर्माची वाट दुसऱ्याला चालावी लागणार आहे, याचेही भान ठेवावे लागते.

आपल्या लोकव्यवहाराला हे भान होते. शेतातून वापरात असलेल्या वाटेच्या वहिवाटीला कायद्याने मान दिला असून, ती कोणी अडविली तर मामलेदाराकडे दाद मागता येते. १९०६ चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आजही त्यासाठी उपयोगी पडतो. पुष्कळ पाय पडल्याने वाट होते आणि झालेली वाट पुढच्यांचा हक्क ठरते, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. दौंड तालुक्यातून यवत, वरवंड आणि रोटीच्या घाटाने पुढे जाणारा तुकोबांच्या पालखीचा मार्ग पाहिला की हेच तत्त्व भक्तीच्या क्षेत्रात दिसते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली; त्यांच्यानंतर ज्येष्ठ वद्यात चिखल तुडवीत गेलेल्या पिढ्यांनी ती वाट इतकी दृढ केली की, आज पहिल्यांदा निघालेल्या वारकऱ्यालाही ती आपलीच वाटते. मोटोक्रॉसच्या नियमांतही या धर्माचा अंश आहे: पुढे कोणी पडला असता पिवळे निशाण हलविले जाते, आणि त्या टापूत कोणी कोणाला मागे टाकायचे नाही, उंचवट्यावरून उडी घ्यायची नाही, असा दंडक आहे. विजयाच्या इच्छेला पडलेल्या माणसापुढे थांबावे लागते. ज्या खेळाने हे मानले, त्याला केवळ साहसाची हौस म्हणता येणार नाही.

शर्यतीपूर्वी देवाला हात जोडणे ही आपल्याकडची रीत आहे, आणि या मुलखात त्यासाठी दूर जावे लागत नाही. शिरूर तालुक्यातच रांजणगावचा महागणपती आहे, ज्याची आराधना करून शंकराने त्रिपुराचा वध केला अशी कथा आहे. दौंडपासून भीमेच्या पलीकडे सिद्धटेक आहे, जेथे मधु-कैटभांशी लढताना हतबल झालेल्या विष्णूने गणेशाची उपासना केली, असे सांगतात. दोन्ही कथांत वर मिळाल्यानंतर बाण सोडण्याचे आणि युद्ध करण्याचे काम त्या देवांनाच करावे लागले आहे. म्हणून प्रार्थना व्यर्थ ठरत नाही, तिचा विषय तेवढा नीट निवडला पाहिजे. दैव अनुकूल करून दे, हे मागणे मला अपुरे वाटते, कारण माझे अनुकूल दैव पुष्कळदा दुसऱ्याच्या पडण्यातून निघते. चाकोरीच्या मुखाशी बुद्धी जागी ठेव, आत शिरल्यावर धैर्य दे, आणि माझ्यामागून येणाऱ्याला चालता येईल अशीच वाट माझ्या चाकाने पाडू दे, एवढे मागावे. पहिल्या दोन याचनांत स्वतःचा पुरुषार्थ आहे, तिसरीत लोकसंग्रह आहे, आणि त्यापलीकडचे जे उरेल ते पाचव्या कारणाच्या स्वाधीन करण्यात मनुष्याला कसलाही कमीपणा नाही.