मोलेचा लढा: जंगल आणि कागदपत्रे

गोव्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या उतारावर भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान आहे. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर. दूधसागर धबधबा याच जंगलातला. त्याचे पाणी खांडेपार नदीला मिळते आणि ओपा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पातून फोंडा, पणजीच्या नळांपर्यंत पोहोचते. जंगल तुटले तर झळ वाघ-गव्यांपुरती राहत नाही, ती अशी शहराच्या स्वयंपाकघरातही पोहोचते.

या जंगलातून लोहमार्गाचे दुपदरीकरण, महामार्गाचे चौपदरीकरण आणि उच्चदाब वीजवाहिनी असे तीन प्रकल्प आखण्यात आले होते. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या मंजुऱ्या चर्चेत आल्या आणि विरोध उभा राहिला. विद्यार्थी, संशोधक, वकील, चित्रकार, गावकरी असे वेगवेगळे लोक त्यात उतरले. मुरगाव बंदरातून कोळसा वाहून नेण्यासाठीच रूळ वाढवले जात आहेत, असा आंदोलकांचा आक्षेप होता. त्यामुळे रुळांलगतच्या गावांचा धुळीचा प्रश्न आणि घाटातल्या झाडांचा प्रश्न एकत्र आला. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदर येथे लोक रात्रभर रुळांवर ठाण मांडून बसले.

पण गर्दीने प्रश्न गाजतो, सुटतो असे नाही. मोलेच्या बाबतीत दुसरे काम तितकेच नेटाने झाले. संशोधकांनी पर्यावरणीय अहवालांतल्या त्रुटी दाखवल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीसमोर गेले. वीजवाहिनीसाठी नवा पट्टा न तोडता आधीच्या वाहिनीचा मार्ग वापरावा, अशी शिफारस समितीने २०२१ मध्ये केली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. मात्र सविस्तर अभ्यास करून नवा प्रस्ताव मांडण्याची वाट रेल्वेसाठी मोकळी ठेवली.

अशा चळवळींची ताकद आणि मर्यादा इथेच दिसते. जंगल एकदाच तुटते, प्रस्ताव मात्र पुन्हा पुन्हा येऊ शकतो. म्हणून घोषणा थांबल्यावरही फाइल वाचत राहणारी माणसे ज्या चळवळीकडे असतात, तिचाच विजय टिकण्याची शक्यता अधिक.