न लिहिलेला शब्द

सर्व समान आहेत असे एकदा लिहिल्यावर विहिरीचे नाव निराळे लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न मंडळीतील एका तरुण बंधूने मला विचारला. राज्यघटनेचे कलम 14 कायद्यापुढे सर्वांस समान ठरविते; बाकीचे त्यात गर्भितच आहे, असे त्याचे म्हणणे. तरी कलम 15 दुकाने, विहिरी, तलाव, घाट, रस्ते अशी नावे घेऊन सांगते, व कलम 17 अस्पृश्यतेचे नाव घेऊन ती नष्ट करते.

उत्तर सातारा जिल्ह्यातच आहे. सन 1901 च्या सुमारास साताऱ्यास राहणारे बालक भीमराव आंबेडकर घरच्या इतर मुलांसह वडिलांकडे कोरेगावी निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच गाडीवाले मागे सरले. दुप्पट भाड्याने एक गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकावयाची. रात्री नाक्यावर मागितलेले पाणी मिळाले नाही. तान्हेल्या वाटसरूस पाणी द्यावे, हा धर्म तेथे ठाऊक नव्हता काय? होता, ‘वाटसरू’ या शब्दात ही मुले येत नाहीत, एवढेच मनात धरलेले होते.

परंतु नावे तरी किती लिहावी? 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा धोबी व न्हावी यांचे काय, असे विचारण्यात आले. ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा, सेवा देणाराही त्यात आला, असा डॉ. आंबेडकरांनी खुलासा केला. दफनभूमीविषयी मात्र उत्तर आखूड होते: ती सार्वजनिक पैशाने राखलेली असली पाहिजे.

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी थांबावे. कलम 15 च्या यादीत उपासनामंदिर नाही. कलम 25 मध्ये हिंदू धर्मसंस्था सर्व हिंदूंस खुल्या करण्याची तरतूद आहे. तेथेही आपले मंदिर नाही. मंडळीच्या वर्गणीतून राखलेले कबरस्थान कलम 15 च्या बाहेरच राहिले. कलम 17 सर्वत्र लागू आहे खरे. पण पूर्वीच्या जातीप्रमाणे कबरींच्या ओळी निराळ्या पडल्या, म्हणून कोणता विश्वासी कोर्टात जातो? “आमच्यात जातच नाही,” एवढे म्हणून आपण नियमांत काही लिहीत नाही. मलाही पुष्कळ वर्षे हे पुरेसे वाटे.

शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्यास प्रभूने व्याख्या न देता गोष्ट सांगितली, असे कोणी म्हणेल. पण त्या गोष्टीत ‘शोमरोनी’ हा शब्द स्पष्ट आहे. ‘कोणी एक वाटसरू’ एवढ्यावर प्रभूने भागविले नाही.

आमच्या कबरस्थानाच्या नियमांत तशी स्पष्ट ओळ घालावी, असे मी पंचांपुढे मांडले आहे. ती लिहिली तर आपल्यात जात आहे असे कबूल केल्यासारखे होईल, असे एक वडील म्हणाले. होईल खरेच.