एम.ए. इंग्रजी, मुक्काम पोस्ट जालना

जालना जिल्ह्यातल्या इंग्रजी साहित्याच्या पदवीवरचे कर्ज बँकेच्या दप्तरात शोधायला गेले तर फारसे काही हाती लागणार नाही. अनुदानित महाविद्यालयातली बी.ए.ची फी अभियांत्रिकीपुढे किरकोळ असते. तेवढ्यासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज कोण भरणार? कर्ज मात्र असते. ते पीककर्जात, सोनेतारणात आणि मामाकडून घेतलेल्या हातउसन्यात मिसळून गेलेले असते. मंठ्याचा किंवा भोकरदनचा मुलगा एम.ए.साठी छत्रपती संभाजीनगरला खोली घेतो, मेस लावतो, पुढे प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी सेट-नेटच्या तयारीला पुण्याला जातो, तेव्हा घरी सोयाबीनच्या पट्टीतून दर महिन्याला काही रक्कम वळती होत राहते. त्या रकमेपुढे ‘शिक्षण’ असे कोणी लिहून ठेवत नाही.

अमेरिकेत हे सगळे कागदावर असते. तिथले शैक्षणिक कर्ज सुमारे 1 लाख 70 हजार कोटी डॉलरच्या घरात आहे आणि साहित्याच्या पदवीने ते फिटते का, यावर तिथे वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. इंग्लंडमध्ये कमाई ठरावीक मर्यादेच्या वर गेली तरच हप्ता कापला जातो, आणि काही दशकांनी उरलेले कर्ज माफ होते. जालन्याच्या सावकाराला असली कलमे ठाऊक नाहीत.

आता मिळकतीची बाजू. बी.ए. तीन वर्षे, एम.ए. दोन, बी.एड. 2015पासून आणखी दोन. म्हणजे कुठे नापास न होता पंचविशी गाठली. शाळेत लागायचे तर अभियोग्यता चाचणी द्यायची आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागायची वाट पाहायची. ही चाचणी पहिल्यांदा झाली डिसेंबर 2017मध्ये आणि दुसऱ्यांदा थेट 2023च्या सुरुवातीला. पहिल्या वेळी पंचवीस वर्षांचा असलेला उमेदवार दुसऱ्या वेळी तिशीला टेकला. नंबर लागलाच, तर तीन वर्षे शिक्षण सेवक: माध्यमिकला महिना 18,000 रुपये, कनिष्ठ महाविद्यालयात 20,000. हे आकडे 2023पासूनचे. त्याआधी मानधन 8,000 आणि 9,000 होते. त्या पैशांत कोणी कसा संसार केला असेल, याचा विचार न केलेलाच बरा.

महाविद्यालयातले अंतर याहून मोठे. सातव्या वेतन आयोगानुसार कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन 57,700 रुपयांपासून सुरू होते. त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला पदवी वर्गाच्या तासाला 900 रुपये मिळतात आणि आठवड्याला साधारण नऊ तास. सगळे तास भरले तर महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास. पण सुट्टीचा तास भरत नाही, उन्हाळ्याचे महिने कोरडे जातात आणि बिल निघायला सहा-सहा महिने लागतात. 2017मध्ये प्राध्यापक भरती थांबली, मग थोडी थोडी सैल होत गेली; 2021मध्ये साऱ्या राज्यासाठी, सगळ्या विषयांच्या मिळून 2,088 पदांना मंजुरी मिळाली. त्यात इंग्रजीची किती आणि जालन्याच्या वाट्याला किती, हे सांगायला गणिताचा प्राध्यापक नको.

आणि जागा निघाली की खरे कर्ज सुरू होते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे, पात्र आहे. संस्थेला द्यायला पैसे नाहीत म्हणून तो शेतात अडकतो. देशमुख शेजारच्या बुलढाण्याचे. जालन्यातल्या वाचकाला ती कादंबरी आपल्याच गावची वाटते, यात नवल नाही. ‘डोनेशन’ची पावती नसते, त्यामुळे त्याची आकडेवारीही नसते; पण सातबाऱ्यावरून एखादा तुकडा कमी झाला की गावाला कळते.

मग ही पदवी वायाच म्हणायची का? मराठवाड्याचा इतिहास तसे म्हणू देत नाही. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ते राज्य गेल्यावर मिलिंद महाविद्यालय 1950मध्ये निघाले, मराठवाडा विद्यापीठ 1958मध्ये. म. ना. वानखडे इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेत शिकून आले आणि औरंगाबादच्या नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्याच परिसरात, दलित साहित्याच्या चर्चेला त्यांनी बळ दिले. भालचंद्र नेमाडेही इंग्रजीचेच एम.ए. आणि मराठवाडा विद्यापीठात शिकवणारे. या माणसांनी मराठीला जे दिले, ते पगाराच्या पावतीत मावत नाही. पण एक गोष्ट विसरली जाते: त्या काळी महाविद्यालये निघत होती आणि माणसे कमी होती. आजच्या मुलापुढे तीच थोर नावे ठेवून त्याला एम.ए.ला बसवणे म्हणजे जुन्या भावाने नवा माल घेणे.

दुसरीकडे इंग्रजीची भूक कमी झालेली नाही. 2000पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तालुक्याच्या गावांतही इंग्रजी माध्यमाच्या शाळा व स्पोकन इंग्लिशचे क्लास दिसतात. लोकांना इंग्रजी हवे आहे, त्यासाठी ते पैसेही मोजतात. फक्त ते पैसे शेक्सपिअर शिकलेल्याच्या खिशात क्वचित जातात. तीन वर्षे गाइडमधून ‘हॅम्लेट’ पाठ करणाऱ्याला चार वाक्ये बोलताना घाम फुटतो, हेही त्याचे एक कारण आहे. दोष मुलाचा कमी, परीक्षेचा जास्त.

नोकरीचा हा प्रश्न जिल्ह्याने रस्त्यावरही पाहिला. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून ऑगस्ट 2023मध्ये मराठा आरक्षणाचे जे आंदोलन पेटले, त्याच्या मुळाशी शिक्षण आणि सरकारी नोकरीतला वाटाच होता. वाटा कोणाला किती, यावर जिल्हा ढवळून निघाला. मुळात भाकरी किती उरली आहे, हे विचारणारे आवाज त्या मानाने थोडेच होते.

तेव्हा हिशेब असा: इंग्रजीची बी.ए. स्वस्त आहे, आवड असेल त्याने ती जरूर करावी, आणि बोलण्या-लिहिण्याचे इंग्रजी त्याच तीन वर्षांत कमवावे. एम.ए.नंतर वाट किती वर्षे पाहायची, हे घरात आधीच ठरवावे. जागेसाठी जमीन विकू नये. तो सौदा बेकायदा आहे आणि आतबट्ट्याचाही. सरकारला एवढेच सांगणे की प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाने आपल्याकडच्या रिकाम्या पदांची विषयवार यादी जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावावी, म्हणजे फी भरणाऱ्या बापाला ती तिथेच वाचता येईल.