बिनपरवान्याचं आभाळ

नागपूरच्या सीताबर्डीत पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, त्यामुळे पुतण्याने ड्रोनचा संच आधी माझ्यासमोर आणून ठेवला. "काका, कोणता पट्टा धरू?" उडवायचा होता काटोलच्या संत्राबागेवर, सोनेगावच्या विमानतळापायी शहरात नावच काढायला नको.

संचावर ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलेलं. म्हटलं, "हा अमेरिकेचा. आपल्याकडे तिथं मोबाइलवाले बोलून राहिले. वापस कर." मग उरले २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. पहिल्याचा पाव लहरीचा अँटेना जेमतेम ३ सेंटिमीटर, दुसऱ्याचा अख्ख्या तर्जनीएवढा. पहिल्यात वायफाय, ब्लूटूथ, सगळ्यांची गर्दी. दुसऱ्याची लहर लांब, ओल्या पानांतून बरी निघते. पण चित्र वाहून नेण्याइतकी रुंदी तिला नाही. म्हणून ठरलं: हुकूम ८६५ वर, चित्र २.४ वर.

"दोन्ही फुकटच ना?"

फुकट खरे, पण नियम मोठा गमतीचा आहे. परवाना नको, मात्र दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा झाला तर संरक्षण मागायचं नाही. ज्यात दुसऱ्याचा त्रास थांबवता येत नाही, तो हक्क कसला?

प्राचीन वैशेषिक दार्शनिकांनी आकाश एकच मानलं, अखंड, आणि शब्द हा त्याचा गुण. (रेडिओलहर म्हणजे शब्द नव्हे, एवढं रेडिओवाल्याला कळतं.) मग मोबाइलवाल्यांना लिलावात सरकार विकतं काय? आकाश तर कापलं जात नाही. विकली जाते ती इतरांना केलेली मनाई. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या, तरी मला 'मालमत्ता' हा शब्द खटकतोच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते तळं आपलं करायला नव्हे. मनाई मोडायला. दुसऱ्याला अडवता न येणारा हक्कही हक्कच असतो, असं मला त्या ओंजळीवरून वाटतं.

बागेत ड्रोन नीट उडाला. दहाव्या मिनिटाला पडद्यावरचं चित्र चौकटी-चौकटींनी फुटू लागलं. बांधापलीकडे शेजाऱ्याचा फवारणीचा ड्रोन वर चढला होता. पुतण्याने आपला खाली घेतला, तोंडाशी हात धरून ओरडला, "भाऊ, किती वेळ हाय?"

पलीकडून आवाज आला, "दोन टाक्या!"

आम्ही झाडाखाली बसून संत्री सोलली.