परीक्षेच्या दिवशी फडावर असलेली मुलं

१३ नोव्हेंबर २०१७, १२ नोव्हेंबर २०२१ आणि ४ डिसेंबर २०२४. शाळकरी मुलांना किती येतं हे तपासणारी तीन मोठी देशव्यापी सर्वेक्षणं या तारखांना झाली. पहिली दोन राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची, तिसरं ‘परख’. तिन्ही वेळा तिसरीच्या मुलांची चाचणी होती, आणि तिन्ही तारखा दिवाळीनंतरच्या होत्या. हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्या-वस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं या दिवसांत मुकादमाची उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली असतात. पोरंही बरोबर असतात.

चाचणी होते ती त्या दिवशी वर्गात असलेल्या मुलांची. फडावर वाढं गोळा करणारी किंवा कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणारी तिसरीतली मुलगी नापास होत नाही, कारण ती मोजलीच जात नाही.

ही सर्वेक्षणं जिल्ह्यांची तुलना करतात, एकेका शाळेची नाही. पण जिल्ह्याचा आकडा वरून आला की तो झिरपत खाली येतो. जिल्हा परिषदेतून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे आणि शेवटी दोन खोल्यांच्या शाळेतल्या गुरुजींच्या टेबलावर. मग गावंही आपापला हिशेब मांडतात. शिष्यवृत्तीला कुणाची किती पोरं आली, वसमतच्या नवोदयला किती लागली. या यशाचं मोल मोठं आहे, ते कमी लेखू नये. आठवीत एनएमएमएस परीक्षेतून निवड झाली, तर गरीब घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. अशा घरातली मुलगी त्यामुळे शाळेत टिकते. चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. शाळेचं नाव चार-पाच हुशार मुलांवर ठरू लागलं, की जादा तास त्यांच्याच वाट्याला येतात आणि मागच्या बाकावरचं अडखळत वाचणारं पोर तसंच पुढच्या वर्गात जातं.

समजा, दोन वस्तीशाळा आहेत. दोन्हींच्या तिसरीत दहा-दहा मुलं, त्यांतल्या चौघांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. एका शाळेत ही चार मुलं दिवाळीनंतर दिसत नाहीत. दुसऱ्या शाळेतले गुरुजी घरोघरी जातात, आजी-आजोबांना गळ घालतात, हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय लावतात आणि चौघांना थांबवून घेतात. या मुलांचे आधीच्या वर्षांतले महिने बुडालेले, वाचन कच्चं. चाचणीत दुसऱ्या शाळेची सरासरी घसरते. कागदावर पहिली शाळा पुढे आणि दुसरी मागे.

हा अन्याय आहे, आणि तो नेमका अधिक राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो.

वर्ग लहान असला की आकडा आणखी फसवतो. पाच मुलांच्या वर्गात एक मूल तापाने घरी राहिलं, तरी वीस टक्के वर्ग मोजणीतून गळतो. कुठे दोन शिक्षक पाच इयत्ता सांभाळतात. कुठे पहिलीत आलेलं लेकरू घरी गोरमाटी बोलतं आणि मराठी त्याला शाळेतच भेटते. त्याची तुलना वसमत शहरात शिकवणी लावलेल्या मुलाशी केली, तर शाळेपेक्षा घरच जास्त मोजलं जातं. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासून १९६६ मध्ये हेच दाखवलं होतं: गुणांमधल्या फरकाचा मोठा भाग मुलाच्या घरच्या परिस्थितीतून येतो. तरीही तिथे पुढे गुणांवरून शाळांना बक्षीस आणि शिक्षा ठरू लागली. २०११ मध्ये अटलांटा शहरातल्या शाळांच्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापकांनी उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचं किंवा तो होऊ दिल्याचं निष्पन्न झालं. मुलांना वाचता येत नव्हतं, आकडे मात्र चढत होते.

हिंगोली जिल्ह्यातल्याच औंढा नागनाथ तालुक्यात आता ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. सुमारे २,६०० कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनपेक्षाही लहान फरक टिपायचा, म्हणून जमिनीची कंपनं मोजमापात मिसळू नयेत यासाठी शास्त्रज्ञ आपली बुद्धी पणाला लावतात. त्याच मातीतल्या पोरांची शाळा मोजताना, गुणांत मिसळलेली गरिबी आणि स्थलांतर वेगळं काढण्याची थोडी तरी तसदी घ्यायला हवी.

तुलनाच नको, असं मात्र म्हणता येणार नाही. तिसरीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर ते लपवणं हा त्या मुलाचाच घात आहे. गरिबीची ढाल पुढे करून न शिकवणारा शिक्षक सुटता कामा नये. तुलना शाळेची तिच्या स्वतःच्या मागच्या वर्षाशी व्हावी, सारख्या परिस्थितीतल्या शाळांशी व्हावी. तक्त्यात दोन रकाने वाढवावेत: जूनमध्ये पटावर किती मुलं होती आणि त्यांतली किती मार्चमध्ये वर्गात बसली होती. स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं. ते घेऊन किती मुलं फडाजवळच्या शाळेत खरोखर दाखल झाली, तेही विचारावं. हजेरीपटावर यातलं बरंचसं आधीच लिहिलेलं असतं. पुढच्या आढावा बैठकीत गुणांच्या आधी ते वाचलं जावं, आणि मुलं थांबवून घेणाऱ्या शिक्षकाला सरासरी का घसरली हे विचारण्याआधी, ती मुलं त्याने कशी थांबवली ते सगळ्यांसमोर सांगायला लावावं.